मुखवटा दिला, नाव सांगितले नाही

शाळेच्या प्रयोगशाळेत क्लोरीन तयार करण्याचा प्रयोग आपल्यापैकी बहुतेकांनी केला किंवा दाखवला असेल. मँगनीज डायऑक्साइडवर संहत हायड्रोक्लोरिक आम्ल ओतायचे, मंद आच द्यायची आणि निघणारा हिरवट पिवळा वायू सरळ उभ्या ठेवलेल्या वायुपात्रात गोळा करायचा. पात्र सरळ का, उपडे का नाही, असे विचारले की विद्यार्थी चटकन सांगतो, ‘क्लोरीन हवेपेक्षा जड असतो म्हणून.’ उत्तर बरोबर, गुण पूर्ण. आता त्याच विद्यार्थ्याला विचारून पाहा, ‘तू रेल्वे स्थानकाच्या फलाटावर उभा आहेस. शेजारच्या मालधक्क्यावर क्लोरीनचे सिलिंडर गळू लागले. खाली वाकून पळशील, की पादचारी पुलाचा जिना चढशील?’ इथे वर्ग घुटमळतो. काही जण ‘वाकून’ असेही म्हणतात, कारण आगीच्या धुरातून वाकून बाहेर पडावे, हे त्यांनी कुठेतरी वाचलेले असते. धूर गरम असतो म्हणून वर चढतो. क्लोरीन जड म्हणून खाली साचतो. तत्त्व एकच, पण कृती नेमकी उलट.

फलाटावर हा प्रश्न सर्वांच्या आधी ज्याच्यापुढे उभा राहतो, तो रेल्वेचा पोलीस आणि त्याच्या शेजारचा स्थानक कर्मचारी. बाकीच्यांनी पळायचे असते. याने थांबायचे असते, गर्दीला वाट दाखवायची असते, गाडी सोडायची की अडवायची हे ठरवायचे असते. अशा माणसांना विषारी वायूंपासून बचाव करण्याचे शिक्षण देण्याची पद्धत १९३०च्या दशकात युरोपात रूढ झाली. या लेखात त्या शिक्षणाचा इतिहास सांगायचा आहे, पण नुसता इतिहास नव्हे. एखादा अभ्यासक्रम शिक्षक जसा तपासतो, तसा तो तपासायचा आहे. उद्दिष्ट काय होते, प्रत्यक्षात शिकवले काय, आणि परीक्षेच्या वेळी काय झाले? आमचे मत आधीच सांगून टाकतो. या अभ्यासक्रमाने मुखवटा घालायला उत्तम शिकवले, पण समोरचा वायू कोणता आहे हे माणसाला कळले पाहिजे, या पहिल्याच गोष्टीकडे दुर्लक्ष केले.

पहिले काही आठवडे

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र शहराजवळ जर्मन सैन्याने पाच हजारांहून अधिक सिलिंडरांच्या तोट्या उघडल्या. दीडशे टनांहून अधिक क्लोरीन वाऱ्याबरोबर समोरच्या खंदकांकडे सरकला. तिथल्या सैनिकांकडे मुखवटे नव्हते. काही दिवसांतच ब्रिटिश सरकारने शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांना फ्रान्सला पाठवले. कोळशाच्या खाणींतील घातक वायूंचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला होता. त्यांचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन हाही वैज्ञानिक. वडिलांच्या प्रयोगांत तो स्वतः क्लोरीन भरलेल्या खोलीत बसला. हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले.

त्या पहिल्या हल्ल्यांतून ज्या गोष्टी कळल्या, त्या आजही तितक्याच खऱ्या आहेत. जे खंदकाच्या तळाशी आडवे झाले त्यांना अधिक बाधा झाली. जे खंदकातल्या पायरीवर उभे राहिले त्यांना कमी. जे वायूच्या ढगाबरोबर मागे पळत सुटले त्यांची स्थिती सर्वांत वाईट झाली, कारण ते ढगाच्या आतच राहिले आणि धावल्यामुळे श्वासही जोरात घेत होते. तोंडावर ओले फडके धरल्याचा थोडाफार उपयोग झाला, कारण क्लोरीन पाण्यात विरघळतो.

याच सुमारास इंग्लंडमधील एका वृत्तपत्राने घरोघरच्या स्त्रियांना कापसाच्या गाद्या शिवून पाठवण्याचे आवाहन केले. गाद्या ढिगांनी आल्या. पण कोरडा कापूस क्लोरीन अडवत नाही आणि गच्च ओला झालेला कापूस श्वासच अडवतो. भावना चांगली होती, रसायनशास्त्र चुकीचे होते. यानंतर ज्या पट्ट्या निघाल्या त्या सोडियम थायोसल्फेट आणि धुण्याचा सोडा यांच्या द्रावणात भिजवलेल्या होत्या. थायोसल्फेट म्हणजे छायाचित्रकारांचा ‘हायपो’. तो क्लोरीनबरोबर अभिक्रिया करून त्याला निरुपद्रवी करतो. पण याच पट्ट्या फॉस्जीन या पुढच्या वायूपुढे पुरेशा ठरेनात. वायू बदलला की उपाय बदलावा लागतो. म्हणजे उपायाच्या आधी नाव कळायला हवे.

वाऱ्याची दिशा, वायूचे वजन, त्याची विद्राव्यता आणि त्याचे नाव. १९१५ सालच्या त्या काही आठवड्यांत वायुरक्षणाचा सगळा अभ्यासक्रम जवळपास तयार झाला होता. पुढे त्याचे काय झाले?

वास ओळखा, मुखवटा चढवा

१९२५च्या जिनिव्हा कराराने युद्धात विषारी वायूंच्या वापरावर बंदी घातली. तरी १९३५-३६ मध्ये इटलीने इथिओपियात मस्टर्ड वायू वापरला, आणि पुढचे युद्ध झाले तर विमानांतून शहरांवर वायू पडणार, अशी युरोपची खात्री झाली. ब्रिटनमध्ये १९३५ साली हवाई हल्ल्यांपासून बचावाचे स्वतंत्र खाते निघाले. १९३६ साली ग्लॉस्टरशायरमधील फॉलफील्ड येथे नागरी वायुरक्षण शाळा सुरू झाली आणि पुढच्या वर्षी यॉर्कशायरमधील ईझिंगवोल्ड येथे दुसरी. या शाळांतून पोलीस, अग्निशमन दल आणि इतर सेवांचे प्रशिक्षक तयार झाले, आणि त्यांनी आपापल्या ठिकाणी इतरांना शिकवायचे, अशी साखळी ठरली. त्या काळी ब्रिटनमधील चार मोठ्या रेल्वे कंपन्यांची स्वतःची पोलीस दले होती. जर्मनीत तर रेल्वे, टपाल अशा खात्यांची हवाई बचावाची वेगळी यंत्रणाच होती.

रेल्वेकडे हे विशेष लक्ष का, हे सांगायला नको. स्थानक हे बाँबफेकीचे ठळक लक्ष्य, तिथे सतत गर्दी, आणि हल्ला झाला तरी गाड्या चालू राहिल्याच पाहिजेत. घरी बसलेल्या नागरिकाने मुखवटा घालून खोलीत थांबले की त्याचे काम संपते. सिग्नलच्या केबिनमधल्या माणसाला आणि फलाटावरच्या पोलिसाला मुखवटा घालून काम करायचे असते, बोलायचे असते, कंदील दाखवायचा असतो. म्हणून ब्रिटनमध्ये सामान्य नागरिकांचा मुखवटा वेगळा आणि पोलीस, वॉर्डन यांचा ‘कामावरचा’ मुखवटा वेगळा, अधिक मजबूत, असा भेद केलेला होता.

या शिक्षणातील चांगल्या गोष्टी आधी मान्य करू. इशाऱ्याचे आवाज ठरलेले होते. बाँबहल्ल्यासाठी भोंगा, वायूसाठी लाकडी खडखडा, धोका टळल्यावर हातघंटी. ऐकणाऱ्याचा गोंधळ होऊ नये, इतका हा विचार साधा आणि नेमका होता. मस्टर्डने दूषित झालेली जागा ब्लीचिंग पावडरने धुण्याची पद्धत शिकवली जाई. टपालाच्या लाल पेट्यांच्या माथ्यावर, मस्टर्डचे थेंब पडले की रंग बदलणारा लेप दिला होता. रसायनशास्त्र रस्त्यावर आणण्याचा हा सुरेख नमुना म्हटला पाहिजे.

पण शिकवण्याचा मुख्य भर दोन गोष्टींवर होता. पहिली म्हणजे वास. फॉस्जीनला कुबट झालेल्या गवताचा वास, मस्टर्डला लसणासारखा, ल्युइसाइटला जिरेनियमच्या फुलांचा, क्लोरीनला ब्लीचिंग पावडरचा, अशी यादी प्रशिक्षणार्थी पाठ करत. लहान बाटल्यांतून हे वास हुंगवलेही जात. दुसरी गोष्ट म्हणजे मुखवटा. अश्रुधूर भरलेल्या बंद खोलीत किंवा गाडीत मुखवटा घालून जायचे, काही वेळ थांबायचे, मग मुखवटा काढायचा. डोळ्यांतून पाणी आले की मुखवट्याचे महत्त्व पटे.

वासाच्या धड्यातील दोष

वास ओळखणे अगदीच निरुपयोगी नव्हते. दोष असा, की वासाची यादी म्हणजे गेल्या युद्धाची यादी होती. इंग्लंड-जर्मनीतील पोलीस लसूण आणि जिरेनियम यांतला फरक शिकत असतानाच, डिसेंबर १९३६ मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्राडर हे कीटकनाशकांवर काम करणारे रसायनतज्ज्ञ टॅबून या द्रव्यापाशी पोचले. १९३८ मध्ये त्याच मालिकेतील सॅरिन तयार झाले. ही द्रव्ये मज्जासंस्थेवर आघात करतात. स्नायूंना मिळालेली ‘आकुंचन पाव’ ही आज्ञा रद्द करणारे ॲसिटिलकोलीनएस्टरेज नावाचे विकर ती निकामी करतात, आणि मग स्नायू सैल पडतच नाहीत. शुद्ध सॅरिनला रंग नाही, आणि वास जवळजवळ नाहीच. जर्मनीने हे शोध गुप्त ठेवले. म्हणजे ज्या देशात रेल्वेच्या पोलिसांना वासावरून वायू ओळखायला शिकवत होते, त्याच देशाच्या प्रयोगशाळेत तो धडा जुना झाला होता, आणि हे शिकणाऱ्यांना तर नाहीच, शिकवणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते.

नाकाच्या मर्यादा याहूनही जवळच्या आहेत. गटारात साचणारा हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना सडक्या अंड्यांसारखा वास देतो, पण प्रमाण फार वाढले की घ्राणचेताच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजून माणूस मॅनहोलमध्ये उतरतो आणि परत येत नाही. वास येणे ही धोक्याची सूचना असू शकते. वास न येणे ही सुरक्षिततेची हमी कधीच नसते. हे एक वाक्य त्या यादीच्या तळाशी लिहायला हवे होते.

मुखवट्याच्या धड्यातील दोष

मुखवट्याच्या डब्यात दोन गोष्टी असतात. सूक्ष्म कण अडवणारी गाळणी आणि सक्रियित कोळसा. कोळशाच्या कणात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांच्या प्रचंड पृष्ठभागावर वायूचे रेणू चिकटून राहतात. यालाच अधिशोषण म्हणतात. मोठे, जड रेणू चांगले चिकटतात. कार्बन मोनॉक्साइडसारखा लहान, हलका रेणू चिकटत नाही. आणि हवेत ऑक्सिजनच कमी असेल, तर मुखवटा तो कुठून आणणार?

म्हणजे मुखवटा हा सर्व वायूंवरचा उतारा नाही. अश्रुधुराच्या खोलीतून बाहेर पडलेल्या शिपायाला मात्र तो तसा वाटू लागतो, कारण त्या परीक्षेत तो कधी अपयशी ठरतच नाही. ज्या प्रयोगात निष्कर्ष आधीच ठरलेला असतो, त्याला आपण प्रयोग म्हणत नाही, प्रात्यक्षिक म्हणतो. प्रात्यक्षिकाने विश्वास वाढतो. विश्वासाची मर्यादा कळायला प्रयोगच लागतो.

ही मर्यादा रेल्वेवरच एकदा भीषण रीतीने दिसली. ३ मार्च १९४४ च्या पहाटे दक्षिण इटलीत बाल्वानो गावाजवळ आर्मी नावाच्या बोगद्यात एक मालगाडी चढावर अडकली. युद्धामुळे प्रवासी गाड्या थोड्या, म्हणून मालगाडीच्या डब्यांत शेकडो माणसे बसली होती. कोळसा हलक्या प्रतीचा होता. अपुऱ्या ज्वलनातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड बोगद्यात साचला आणि पाचशेहून अधिक माणसे मेली, कित्येक जण झोपेतच. शत्रू नाही, बाँब नाही, वास नाही. कोळशाचा मुखवटा असता तरी उपयोग नव्हता. वाफेच्या इंजिनाचा हा जुना, घरचा वायू. हॉल्डेन यांच्यासारख्यांनी खाणींत त्याचा अभ्यास चाळीस वर्षांपूर्वीच केला होता.

मुखवट्याची आणखी एक किंमत उशिरा कळली. ब्रिटनमध्ये बनलेल्या काही मुखवट्यांच्या गाळणीत ॲस्बेस्टॉसचे तंतू होते. ब्रिटिश शहरांवर युद्धात वायुहल्ला झालाच नाही, पण त्या गाळण्या भरणाऱ्या कारखान्यांतील कामगारांना, ज्यांत स्त्रिया बहुसंख्य होत्या, पुढे फुप्फुसावरणाच्या कर्करोगाने गाठले.

एक चांगली तपासणी

या शिक्षणावर टीका करणारे त्या काळीही होते, आणि त्यांची पद्धत शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. खिडक्यांच्या फटी कागद चिकटवून बुजवा आणि वायुरोधक खोलीत बसा, असा ब्रिटिश सरकारचा सल्ला होता. केंब्रिजमधील काही तरुण वैज्ञानिकांच्या युद्धविरोधी गटाने, ज्यात जे. डी. बर्नाल होते, सूचनांप्रमाणे खोल्या तयार केल्या. त्यात कार्बन डायऑक्साइड सोडला आणि तो किती वेगाने कमी होतो हे मोजले. वायू जितक्या लवकर बाहेर जातो, तितक्याच लवकर बाहेरचा आत येईल, हे उघड आहे. खोल्या पुरेशा बंद होत नाहीत, असे त्यांनी १९३७ साली पुस्तकरूपाने मांडले. सरकारने या निष्कर्षांशी वाद घातला. पुढच्या वर्षी जे. बी. एस. हॉल्डेन यांनी, स्पेनमधील युद्ध पाहून, खरा धोका वायूपेक्षा स्फोटक बाँबचा आहे आणि पैसा भक्कम निवाऱ्यांवर खर्च व्हावा, असे प्रतिपादन केले. सप्टेंबर १९३८ पर्यंत सुमारे ३ कोटी ८० लाख मुखवटे वाटून झाले होते. १९४० साली लंडनवर पडले ते बाँबच.

ही टीका योग्य होती. सूचना पाळून पाहायची, मोजायचे, आणि आकडा सांगेल ते लिहायचे. सरकारी पुस्तिका असो वा पाठ्यपुस्तक, तपासणीची रीत हीच.

पहिली परीक्षा : बारी, १९४३

२ डिसेंबर १९४३ रोजी इटलीतील बारी बंदरावर जर्मन विमानांनी हल्ला केला. बंदरात ‘जॉन हार्वे’ हे अमेरिकी जहाज होते. त्यात मस्टर्डचे सुमारे दोन हजार बाँब गुप्तपणे आणलेले होते. जहाज फुटले, मस्टर्ड बंदराच्या पाण्यातील तेलात मिसळले, आणि माहिती असणारे जहाजावरच मेले. पाण्यातून काढलेल्या खलाशांना थंडीने गारठलेले समजून, तेलाने माखलेल्या कपड्यांसकट ब्लँकेटात गुंडाळून ठेवले गेले. काही जणांना लसणाचा वास आला होता. पण मस्टर्ड इथे असूच शकत नाही, असे सगळ्यांनी धरले होते. ६२८ जणांना बाधा झाल्याची नोंद झाली आणि त्यांतील ८३ जण महिन्याभरात दगावले. बंदरातल्या नागरिकांची गणती वेगळीच. कपडे काढून साबणपाण्याने धुतले असते, तरी अनेक जण वाचले असते.

इथे वासाचा धडा बरोबर होता, मुखवटे होते, प्रशिक्षित सैन्य होते. नाव तेवढे गुप्त होते. ते नाव स्ट्यूअर्ट अलेक्झांडर या अमेरिकी लष्करी डॉक्टरने शोधले. रुग्ण कोणत्या जहाजांवर होते हे त्याने बंदराच्या नकाशावर मांडले आणि खुणा कुठे दाट होतात ते पाहिले.

दुसरी परीक्षा : भोपाळ, १९८४

बरोबर ४१ वर्षांनी, २ डिसेंबर १९८४ च्या रात्री, भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट गळू लागले. सुमारे ४० टन द्रव्य टाकीत होते. कारखान्यातील कामगारांना त्याची झोंब ओळखीची होती. शहराला नावही ठाऊक नव्हते. बाहेरच्यांसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद करण्यात आला. पोलिसांना कंपनीकडून वेळेवर माहिती मिळाली नाही. डॉक्टरांनी विचारले, तेव्हा हा अश्रुधुरासारखा नुसता डोळ्यांना झोंबणारा वायू आहे, अशा स्वरूपाचे उत्तर कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून मिळाले.

वारा कारखान्याकडून जुन्या शहराकडे, रेल्वे स्थानकाच्या दिशेने वाहत होता. लोक घराबाहेर पडले आणि वाऱ्याच्याच दिशेने धावत सुटले. ईप्रच्या खंदकातून मागे पळणाऱ्यांनी केलेली चूक, ६९ वर्षांनंतर, लहान मुले कडेवर घेतलेल्या माणसांनी केली. त्या बिचाऱ्यांना दोष कसा देणार? त्यांना कुणी शिकवलेच नव्हते. मिथिल आयसोसायनेट हवेच्या सुमारे दुप्पट जड असते, आणि पाण्याशी त्याची अभिक्रिया होते. ओले फडके तोंडाला लावून वाऱ्याच्या आडव्या दिशेने गेले असते, तर निदान काही जीव वाचले असते. एवढे सांगायला मुखवटा लागत नव्हता.

स्थानकावर उप-स्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर होते. डोळ्यांची आग आणि घशातली खवखव जाणवताच त्यांनी फलाटावर उभी असलेली गाडी ठरलेल्या वेळेआधी सोडली आणि शेजारच्या स्थानकांना भोपाळकडे गाड्या पाठवू नका, असे कळवले. स्वतः मात्र ते जागा सोडून गेले नाहीत. त्या रात्रीचे परिणाम त्यांना पुढे आयुष्यभर भोगावे लागले. रेल्वेचे अनेक कर्मचारी त्या रात्री कामावरच मृत्युमुखी पडले. दस्तगीर यांचे शौर्य सांगताना एक गोष्ट विसरू नये. त्यांनी दिलेले उत्तर पूर्णपणे बरोबर होते, आणि ते त्यांना कोणत्याही अभ्यासक्रमाने दिलेले नव्हते. व्यवस्थेने न शिकवलेले उत्तर माणसाने स्वतः शोधावे लागले, म्हणून तर ते शौर्य ठरले.

तिसरी परीक्षा : टोकियो, १९९५

२० मार्च १९९५ रोजी सकाळी गर्दीच्या वेळी, ओम शिनरिक्यो या पंथाच्या माणसांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेच्या तीन मार्गांवरील पाच गाड्यांत सॅरिनच्या पिशव्या छत्रीच्या टोकाने फोडल्या. श्राडर यांच्या प्रयोगशाळेतले द्रव्य सत्तावन्न वर्षांनी रेल्वेत आले.

हे अगदी अनपेक्षित होते, असेही नाही. नऊ महिन्यांपूर्वी मात्सुमोतो शहरात सॅरिननेच सात बळी घेतले होते आणि सॅरिन हे नाव आठवड्याच्या आत निष्पन्न झाले होते. पंथाच्या ठिकाणांवर छापे घालण्याच्या तयारीत असलेल्या पोलिसांनी लष्कराकडून मुखवटे घेऊन त्यांचा सरावही सुरू केला होता. पण स्थानकांवरच्या माणसांपर्यंत यातले काही पोचले नव्हते. डब्यात कसला तरी द्रव सांडला आहे, एवढेच पाहून कर्मचाऱ्यांनी तो वर्तमानपत्राने आणि पुसण्यांनी पुसला, पिशव्या हातांनी उचलल्या. कासुमिगासेकी स्थानकातील दोघे कर्मचारी त्यात मेले. एक गाडी तर जवळजवळ दीड तास धावतच होती. द्रव्य सॅरिन आहे, हे जाहीर व्हायला सुमारे तीन तास लागले. दरम्यान मात्सुमोतोच्या रुग्णांवर उपचार केलेल्या डॉक्टरांनी दूरदर्शनवर लक्षणे पाहून टोकियोच्या रुग्णालयांना दूरध्वनी केला, तेव्हा काहींना दिशा मिळाली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेले रुग्ण सांगत होते, ‘सगळीकडे अंधार झाला आहे.’

मदतीला गेलेल्या १,३६४ रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांपैकी १३५ जणांना रुग्णांच्या कपड्यांतून बाधा झाली. बारीच्या ब्लँकेटांचा धडा बावन्न वर्षे पुस्तकात होता, पण तो रुग्णवाहिकेपर्यंत पोचला नव्हता.

निकाल आणि आपण

तीन परीक्षांची उत्तरपत्रिका एकत्र ठेवली तर काय दिसते? मुखवट्याअभावी माणसे मेली हे खरे. पण तीनही ठिकाणी वायूचे नाव कुणाला तरी ठाऊक होते, किंवा निदान त्याची शंका होती, आणि ते नाव दारावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचले नाही. बारीत लष्करी गुपित आड आले, भोपाळमध्ये कंपनीचे मौन, टोकियोत तपासाची गुप्तता.

भोपाळनंतर आपल्याकडे कायद्याने हे मान्य केले. १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक द्रव्यांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणे बंधनकारक झाले. १९८९च्या मोटार वाहन नियमांनी धोकादायक माल नेणाऱ्या टँकरांवर द्रव्याचा क्रमांक व सूचना लिहिणे सक्तीचे केले. २००६ साली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. रासायनिक अपघातांसाठी प्रशिक्षित तुकड्या त्यात आहेत, आणि त्यांतील एक पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे. पण कोणतीही तुकडी पोचायला वेळ लागतो. पहिला अर्धा तास लोहमार्ग पोलिसांच्या शिपायाचा, आरपीएफच्या जवानाचा आणि स्थानक अधीक्षकाचा असतो. १४ जुलै २०१० रोजी मुंबईत शिवडीजवळच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षे पडून असलेल्या सिलिंडरांतून क्लोरीन गळला, तेव्हा शंभराच्या आसपास लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांत अग्निशमन दलाचे जवानही होते. ईप्रचाच वायू, ९५ वर्षांनी, आपल्या बंदरात.

तेव्हा अभ्यासक्रमाचा क्रम उलटा करावा, एवढीच आमची मागणी आहे. आधी नाव, मग वारा, मग वजन, मग पाणी आणि शेवटी मुखवटा. आणि याची सुरुवात पोलीस प्रशिक्षण केंद्रात होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. उद्याचा शिपाई, उद्याचा स्थानक अधीक्षक आज आपल्या नववीच्या वर्गात बसलेला आहे.

नावासाठी : रस्त्यावरच्या टँकरवरील चार अंकी क्रमांक विद्यार्थ्यांना टिपून आणायला सांगा. १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ अमोनिया, १०७५ स्वयंपाकाचा गॅस, १२०३ पेट्रोल. महिनाभरात वर्गाची स्वतःची यादी तयार होईल, आणि आपल्या गावातून काय काय जाते हेही कळेल.

वाऱ्यासाठी : मैदानावर उदबत्ती लावा किंवा रुमाल हातात धरा. गळतीची जागा खडूने दाखवा आणि विचारा, कोणत्या दिशेने पळावे? वाऱ्याच्या रेषेला काटकोनात, हे उत्तर भूमितीच्या तासालाही चालेल.

वजनासाठी : रेणुभार काढायला सांगा. हवेचा सरासरी २९, क्लोरीनचा ७१, फॉस्जीनचा ९९, मिथिल आयसोसायनेटचा ५७, कार्बन मोनॉक्साइडचा २८, अमोनियाचा १७. कोणता खाली साचेल, कोणता हवेत मिसळून जाईल, कोणता वर जाईल? इथे एक सावधगिरी हवी. दाबाखालचा द्रवरूप अमोनिया एकदम गळला तर तो इतका थंड असतो की सुरुवातीला धुक्यासारखा जमिनीलगतच पसरतो. नियमाला अपवाद का, हे शोधू द्या. घनता तापमानावरही अवलंबून असते, हे मग कधी विसरले जाणार नाही.

पाण्यासाठी : कोणते वायू विरघळतात, कोणते नाही, हे पाठ्यपुस्तकात आहेच. ओला रुमाल कुठे उपयोगी आणि कुठे निरुपयोगी, असा प्रश्न त्याला जोडा. आणि अंगावर काही सांडलेच, तर आधी कपडे उतरवायचे आणि भरपूर पाण्याने धुवायचे, हे मुलांकडून म्हणवून घ्या.

यानंतर पुन्हा तोच प्रश्न विचारा. फलाट, मालधक्का, क्लोरीनचे सिलिंडर. कुणीतरी म्हणेल, ‘सर, आधी वारा कुठून आहे ते सांगा.’ त्याला पूर्ण गुण द्यावेत. पुलाचा जिना नेमका ढगाच्याच वाटेत असेल, तर तो चढून काय उपयोग?